पट्ट्या चिकटवण्याआधी कडा घासा

लाकडी जहाजाच्या मॉडेलच्या पहिल्या किटमध्ये जहाजाचं अंग बहुतेकदा बिघडतं ते बल्कहेडच्या, म्हणजे मधल्या लांब कण्यावर आडव्या बसणाऱ्या फळ्यांच्या, कडांमुळे. कापून आलेल्या कडा काटकोनात असतात. पुढच्या-मागच्या टोकांकडच्या कडा १२० नंबरच्या सँडपेपरने तिरक्या घासाव्याच लागतात. बल्कहेडवर चिकटवायची एक लाकडी पट्टी नुसती धरून बघा. ती प्रत्येक बल्कहेडवर पूर्ण टेकली पाहिजे, खालून उजेड दिसता कामा नये. याला दोन संध्याकाळी गेल्या तरी चालतील.

पट्टी १५-२० मिनिटं कोमट पाण्यात भिजवून वाकवा, पण ओली चिकटवू नका. वाळताना आकसते आणि फटी पडतात. एक डावीकडे, एक उजवीकडे अशी आळीपाळीनं लावा, नाहीतर कणा पिळवटतो. टोकाला निमुळती करताना निम्मी रुंदी तरी राहू द्या. गोंद पांढराच घ्या, पट्टी सरकवायला वेळ मिळतो.