परसबागेतील माती खणावी की तशीच ठेवावी?

प्रश्न : घरामागे दहा बाय पंधरा फुटांची काळ्या मातीची परसबाग आहे. दर मे महिन्यात मी ती कुदळीने वीतभर खणतो आणि पाऊस पडल्यावर वांगी, मिरची व गवार लावतो. शेजारचे काका म्हणतात, माती मुळीच खणू नये. शिवाय खणूनही लव्हाळा दरवर्षी वाढतोच आहे. काय करावे?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमच्या मातीपुरते शेजारच्या काकांचे म्हणणे मला पटते. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. या उघडझापीमुळे ती आपली आपणच मोकळी होत असते, म्हणून तिला दरवर्षी उलथण्याची गरज सहसा पडत नाही. उलट, खणल्याने गांडुळांची बिळे आणि कुजलेल्या मुळांनी मागे ठेवलेल्या, पाणी मुरवणाऱ्या वाटा मोडतात.

लव्हाळ्याचे कोडे तर तुमच्या कुदळीतच आहे. त्याच्या गाठी जमिनीखाली बारीक धाग्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि साखळी अखंड असेपर्यंत त्यांतील बऱ्याच गाठी निद्रिस्त राहतात. कुदळीने ती तुटली की सुट्या झालेल्या गाठी स्वतंत्रपणे फुटतात. पालापाचोळ्याच्या आच्छादनाने इतर तण दबते, परंतु लव्हाळ्याचा टोकदार कोंब त्यातूनही वर येतो. त्यामुळे कोंब दिसताच तो दर आठवड्याला खुरप्याने कापत राहावा, म्हणजे गाठीतील साठा हळूहळू संपतो. एका हंगामात हे काम होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पीक निघाल्यावर झाड उपटू नये, बुंध्याशी कापावे आणि मुळे जमिनीतच कुजू द्यावीत. नेरळच्या सगुणा भात तंत्रातही, म्हणजे दरवर्षी नांगरणी न करता भात घेण्याच्या पद्धतीतही, भाताची मुळे अशीच गादीवाफ्यात ठेवतात. मात्र वांग्याच्या मुळांवर सूत्रकृमींच्या (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या) गाठी दिसल्या, तर ती मुळे काढून नष्टच करावीत. शेणखत वरून दोन बोटे पसरावे; लाकडाचा भुसा मात्र मातीत मिसळू नये, कारण तो कुजताना पिकाच्या वाट्याचा नत्र खातो. पावसाळ्यात आच्छादनाखाली गोगलगायी जमतात, तेव्हा ते रोपाच्या खोडापासून चार बोटे दूर असावे.

बांधकामाचा राडारोडा किंवा तुडवून घट्ट झालेली जागा असेल, तर सुरुवातीला एकदा खणणे योग्यच. तुमच्या बागेत गाजर-मुळ्यासाठी एखादा वाफा मोकळा करायचा झाल्यास पहार खुपसून माती फक्त हलवावी, पालथी करू नये, आणि तेही वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाल्यावरच. ओल्या काळ्या मातीला हात लावला, तर तिची ढेकळे पुढे हंगामभर फुटत नाहीत.