टीआर६ चे पेट्रोल आणि तापमानाचे काटे एकदम वर चढतात: मीटर बदलावेत का?

तुम्ही लिहिलंय की नुकतीच १९७२ ची ट्रायम्फ टीआर६ ही स्पोर्ट्स कार घेतली, इंग्लंडातच चालवता, आणि पाचदहा मिनिटं गाडी चालली की पेट्रोल आणि तापमान दोन्हींचे काटे हवे त्यापेक्षा बरेच वर जाऊन बसतात. विकणाऱ्याने नवा इलेक्ट्रॉनिक संच सुचवलाय. तो घ्यावा की जुने स्मिथ्स कंपनीचेच मीटर दुरुस्त करावेत, हा तुमचा प्रश्न. मीही इथेच बारा वर्षं टीआर६ सांभाळतोय. माझं म्हणणं सरळ आहे: आत्ता काहीच विकत घेऊ नका.

दोन वेगवेगळे मीटर एकाच वेळी, एकाच दिशेने चुकत असतील तर दोघंही एकदम बिघडलेत असं सहसा नसतं. दोघांना वीज एकाच ठिकाणाहून येते, आणि संशय तिथे घ्यायचा. डॅशबोर्डच्या मागे काडेपेटीपेक्षाही लहान असा पत्र्याचा एक डबा आहे, तो व्होल्टेज स्टॅबिलायझर. आत दोन धातूंची एक पट्टी असते आणि तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. तार तापली की पट्टी वाकते, संपर्क तुटतो. थंड झाली की पुन्हा जुळतो. अशी वीज सतत चालू-बंद होत सरासरी १० व्होल्ट मीटरला मिळतात. मीटरही तापूनच चालतात, त्यामुळे त्यांना ही उघडझाप जाणवत नाही. इग्निशन चालू केल्यावर काटा किती सावकाश वर येतो ते बघा, ते याच कारणाने.

आता या डब्याचं अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी, सुटलं तर? तार तापतच नाही, संपर्क तुटत नाही, आणि १० ऐवजी बॅटरीचे सगळे १२-१४ व्होल्ट मीटरकडे जातात. दोन्ही काटे वर! पन्नास वर्षांच्या गाडीत डब्याच्या स्क्रूखाली गंज किंवा रंगाचा थर असणं अगदी नेहमीचं. बॅटरीची वायर काढा, डबा सोडवा, खालची जागा सँडपेपरने चकचकीत करा, परत घट्ट बसवा. माझ्या गाडीत एवढ्यानेच काम झालं होतं.

तपासायला मल्टिमीटर लावलात तर आकडे नाचताना दिसतील आणि काहीच कळणार नाही. त्यापेक्षा लहान टेस्ट लॅम्प घ्या. एक टोक डब्यावर ‘आय’ लिहिलेल्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला. दिवा लुकलुकला तर डबा जिवंत आहे. एकसारखा जळत राहिला तर नाही. बदलायचाच झाला तर स्थिर १० व्होल्ट देणारा इलेक्ट्रॉनिक डबा मिळतो, तो खुशाल बसवा. फक्त तुमच्या गाडीला निगेटिव्ह अर्थ आहे (म्हणजे बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडलेलं), त्याच जातीचा मागा.

एकच काटा चुकत असेल तर मात्र सेंडर पाहायचा, म्हणजे टाकीत किंवा इंजिनावर बसून मीटरला माप कळवणारा भाग. सेंडरवरची वायर काढली की काटा तळाला जायला हवा, आणि तीच वायर बॉडीला जोडली की पूर्ण वर. काटा वर पोचला की लगेच इग्निशन बंद करा. टाकीजवळ हे करताना वायर आधी क्लिपने घट्ट जोडा आणि मगच इग्निशन चालू करा. पेट्रोलच्या वाफेत ठिणगी नको. मीटर आणि सेंडर ही जोडी असते, म्हणून नवा इलेक्ट्रॉनिक मीटर जुन्या सेंडरवर लावला तर बहुधा चुकीचंच दाखवणार.

तेलाच्या दाबाचा मीटर तर कधीच बदलू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यात वीज नाही. बारीक नळीतून इंजिनाचं तेल थेट डायलपर्यंत येतं. एकदा डावीकडच्या लांब वळणावर माझा काटा ५० वरून झपकन २० पर्यंत खाली आला आणि वळण संपताच परत वर गेला. गाडी बाजूला घेऊन डिपस्टिक काढली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. वळणावर तेल एका बाजूला जात होतं आणि पंप हवा ओढत होता. नुसता दिवा असता तर माझं लक्षही गेलं नसतं. फक्त ती नळी जुनी असेल तर बदला, फुटली तर गरम तेल पायांवर येतं.

अँमीटर म्हणजे करंट दाखवणारा मीटर. त्यातून स्टार्टर सोडून जवळजवळ सगळ्या गाडीचा करंट जातो. मागचे नट सैल झाले तर ते तापतात, वायर जळते. बॅटरी काढून नट आवळून घ्या. पुढे मोठा अल्टरनेटर टाकायचा विचार असेल तर व्होल्टमीटरच बरा. ट्रायम्फनेही शेवटच्या वर्षांत तोच दिला होता. इंजिन चालू असताना साधारण १४ दिसायला हवेत.

स्पीडोमीटरचं वेगळं. नव्वद हजारांवर टीआर६ बनल्या, त्यातल्या बहुतेक परदेशी गेल्या आणि पुढे बऱ्याच अमेरिकेहून इथे परत आल्या. तिकडच्या गाड्यांच्या डिफरन्शियलचा (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरचा) रेशो वेगळा, त्यामुळे वाटेत कोणी मीटर किंवा डिफरन्शियल बदललं असेल तर वेग खोटा दिसतो. डायलवर खाली बारीक आकडा छापलेला असतो, तो म्हणजे एका मैलाला केबलचे फेरे. तुमच्या गाडीचे खरे फेरे मोजता येतात. केबल मीटरमधून काढा, आतल्या तारेला पुठ्ठ्याचा बाण लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून मागचं चाक बरोबर सहा फेरे फिरवा आणि बाणाचे फेरे मोजा, अर्धापाव धरून. त्या आकड्याला १६८० ने गुणा आणि चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतच्या इंचांनी भागा. समजा ८.७५ फेरे आणि १२.५ इंच, तर ११७६. चाक जॅकवर उचलून मोजू नका, डिफरन्शियलमुळे हिशोब अर्धा होतो.

नव्या संचासाठी लाकडी डॅशबोर्डची भोकं वाढवावी लागली तर ती परत लहान होत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. शनिवारी सकाळी स्टॅबिलायझर उघडून बघा आणि काटे कुठे थांबले ते इथे लिहा. स्पीडोच्या डायलवरचा आकडाही द्या, हिशोब मी करून देतो.