पुस्तक छापून झालं, आता बोंब कशी मारायची?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही मिरजेत छोटं प्रकाशन चालवतो, चालवतो म्हणजे मी, मिस्टर आणि एक डीटीपीवाला. वर्षाला चार-पाच पुस्तकं आणि एक दिवाळी अंक. पुस्तकं बरी असतात पण लोकांपर्यंत पोचतच नाहीत, गठ्ठे माळ्यावर. पुतण्या म्हणतो काकू पॉडकास्ट ऐक, प्रकाशन, पीआर म्हणजे प्रसिद्धीचं काम, सोशल मीडिया सगळ्यावर असतात. शोधलं तर ढीगभर नावं आली, निम्मे 'महिन्यात दहा हजार फॉलोअर' वाले. इंग्रजी समजतं पण फास्ट बोलले की डोक्यावरून जातं. कुठून सुरू करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : अहो ते दहा हजारवाले आधी बाजूला ठेवा, त्यांचा धंदा कोर्स विकण्याचा, पुस्तक विकण्याचा नाही. माझी कसोटी सोपी आहे, बोलणारा माणूस स्वतः ते काम करतो का आणि काम उघडं करून दाखवतो का, एवढंच बघायचं. या चाळणीतून फार थोडे उरतात आणि तेवढे पुरतात.

पहिलं नाव 'द क्रिएटिव्ह पेन'. जोआना पेन ही इंग्लंडमधली लेखिका, स्वतःची पुस्तकं स्वतःच काढते आणि 2009 पासून हा पॉडकास्ट चालवतेय, दर सोमवारी. सुरुवातीला धंद्यातल्या बातम्या असतात, मग मुलाखत. तुमच्या कामाचं म्हणजे मुलाखतीचा पूर्ण मजकूर ती साइटवर लिहून टाकते, त्यामुळे ऐकताना काही सुटलं तर वाचून घ्या. फक्त एक गाळणी लावून ऐका. उदाहरणार्थ तिकडचे लोक आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, विकत घेण्याबद्दल तासन् तास बोलतात, अमेरिकेत एका नंबरला 125 डॉलर पडतात, आपल्याकडे राजा राममोहन रॉय एजन्सीकडून तो फुकट मिळतो, हे तुम्हाला माहीत असणारच. तसंच टिकटॉक. 'बुकटॉक'वर, म्हणजे टिकटॉकवरच्या पुस्तकवाल्यांच्या कोपऱ्यात, पुस्तक कसं गाजवायचं यावर एपिसोडच्या एपिसोड आहेत, पण आपल्याकडे टिकटॉक जून 2020 लाच बंद झालं, तेव्हा ते भाग सरळ पुढे ढकला, फार तर रील्सपुरतं जे लागू पडेल तेवढं उचला.

दुसरं नाव आईंसमोर मोठ्याने घेऊ नका, 'द शिट नो वन टेल्स यू अबाउट रायटिंग'. बियांका मरे ही कादंबरीकार आणि सोबत दोन लिटररी एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशक शोधणाऱ्या. यात 'बुक्स विथ हुक्स' नावाचा भाग असतो, नवे लेखक आपलं पत्र आणि पहिली पाच पानं पाठवतात आणि या तिघी ते वाचून कुठे कंटाळा आला, कुठे थांबावंसं वाटलं ते तोंडावर सांगतात. तुम्ही म्हणाल आपल्याकडे एजंट असतोय कुठे, लेखक थेट हस्तलिखित घेऊन दारात. बरोबर आहे, पण तुमच्याकडे कथांचा जो ढीग येतो दिवाळी अंकासाठी, त्यातलं काय घ्यायचं, आणि मुख्य म्हणजे नकार कारणासहित कसा द्यायचा, हे शिकायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. शिवाय ब्लर्ब, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर, लिहिण्याची जी बोंब असते ना आपल्याकडे, 'मानवी मनाचा तळ शोधणारी कादंबरी' वगैरे, ती चार एपिसोड ऐकल्यावर तुमची तुम्हालाच सहन होणार नाही.

आता पीआर. 'फॉर इमीजिएट रिलीज' हा या विषयातला अगदी जुना, नेव्हिल हॉब्सन आणि शेल होल्ट्झ या दोघांनी जानेवारी 2005 मध्ये सुरू केलेला. मुरलेली माणसं आहेत, पण विषय बहुतेक मोठ्या कंपन्यांचे, त्यामुळे शीर्षक बघून निवडून ऐका. मला जास्त सांगायचंय ते टेरी फॅलिसबद्दल. हा टोरांटोचा पीआरवाला, 2006 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर त्याने 'इनसाइड पीआर' हा पॉडकास्ट सुरू केला. त्याने राजकारणावर एक विनोदी कादंबरी लिहिली, प्रकाशकांकडून काही उत्तरच येईना. तर या बाबाने काय केलं, 2007 मध्ये ती कादंबरी स्वतःच्या आवाजात एकेक प्रकरण करून पॉडकास्टवर फुकट टाकली, मग स्वखर्चाने छापली आणि 2008 मध्ये तिलाच कॅनडातलं विनोदी लेखनाचं लीकॉक मेडल मिळालं, त्यानंतर मोठा प्रकाशक आला, 2011 मध्ये 'कॅनडा रीड्स' ही तिकडची रेडिओवरची पुस्तकांची स्पर्धा पण जिंकली. आता प्रत्येकाला मेडल मिळत नाही हे कबूल, पण त्याने जाहिरात केली नाही, पुस्तकच ऐकवलं, आणि हे तुम्हाला उद्या करता येण्यासारखं आहे. दिवाळी अंकातली एक कथा लेखकाकडूनच मोबाइलवर वाचून घ्या, पंखा बंद करून, आणि टाका. लेखकाची परवानगी मात्र लेखी घ्या, ऑडिओचे हक्क वेगळे असतात आणि जुन्या करारात बहुतेक वेळा त्याचा उल्लेखच नसतो.

सोशल मीडियासाठी मायकेल स्टेल्झनरचा 'सोशल मीडिया मार्केटिंग पॉडकास्ट' आहे, 2012 पासून. व्यवस्थित आहे, पण ज्यांच्याकडे जाहिरातीचं बजेट आहे त्यांच्यासाठी. इन्स्टाग्रामवरचे काही भाग ऐका, बाकी सोडा. आणि हो, इन्स्टावर पुस्तकांबद्दल बोलणाऱ्या मुलामुलींना प्रती पाठवणार असाल तर एक लक्षात ठेवा, जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या आस्की या संस्थेच्या 2021 च्या नियमांप्रमाणे वस्तू फुकट मिळाली असेल तरी ते पोस्टमध्ये सांगावं लागतं. पेपरला 'अभिप्रायार्थ दोन प्रती' पाठवायची आपली जुनी पद्धत आणि ही यात हाच फरक आहे.

मराठीत प्रकाशनाच्या धंद्यावर नियमित बोलणारा असा पॉडकास्ट मला सुचवता येत नाही. गप्पांचे चांगले आहेत, 'अमुक तमुक', 'व्हायफळ', 'मित्र म्हणे', ते ऐका ते पाहुणा म्हणून आपला लेखक तिथे बसेल का हे बघायला. आधी दोन-तीन भाग पूर्ण ऐका, मग मेल लिहा, आणि मेलमध्ये 'आमचे लेखक थोर आहेत' असं न लिहिता ते कशावर तासभर रंगून बोलू शकतात ते लिहा.

प्रश्न : पॉडकास्ट ऐकायचे कशावर? आधी गुगलचं ॲप होतं ते गेलं. डेटा पण उडतो.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : गुगल पॉडकास्ट 2024 मध्ये बंद झालं. अँड्रॉइड असेल तर 'अँटेनापॉड' घ्या, फुकट आहे, लॉगिन नको, ॲपची स्वतःची जाहिरात नाही (पॉडकास्टवाल्यांच्या असतातच). आयफोनवर ॲपलचं स्वतःचं येतंच. घरच्या वायफायवर रात्री भाग डाउनलोड करून ठेवा आणि एसटीत ऐका, डेटा लागणार नाही. मिरजेच्या काकूंसाठीपण सांगते, वेगाचं बटण असतं ते 0.8 वर ठेवा, ब्रिटिश माणूससुद्धा आकाशवाणीच्या बातम्या सांगितल्यासारखा सावकाश बोलायला लागतो.