बाइल्मरमेरचा तळमजला

प्रश्न : ॲमस्टरडॅमच्या आग्नेयेकडील बाइल्मरमेर या उपनगरातील अनेक उंच इमारती पाडण्यात आल्या, त्यांतल्याच एका इमारतीच्या नूतनीकरणाला मात्र मोठा पुरस्कार मिळाला, असे वाचनात आले. दोष वास्तुरचनेत होता, तर ही एक इमारत कशी सावरली?

उत्तर : दोष रचनेत होताच, पण तो उंचीपेक्षा तळमजल्यात अधिक होता, असे माझे मत आहे. १९६६ मध्ये बाइल्मरमेरचे बांधकाम सुरू झाले आणि १९६८ मध्ये पहिले रहिवासी आले. मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनी मांडणीतल्या लांबच लांब इमारती, त्यांत प्रशस्त व भरपूर उजेडाची घरे, सभोवती झाडी, मोटारींसाठी उंचावरून नेलेले रस्ते आणि पायी किंवा सायकलने जाणाऱ्यांसाठी खाली वेगळ्या वाटा, अशी ती योजना होती. परंतु तळमजल्यावर राहती घरे नव्हती, रहिवाशांच्या सामानाच्या बंद कोठड्या होत्या. त्यामुळे रात्री वाहनतळावरून घरी निघालेल्या माणसाला शेजारी एकही उजळलेली खिडकी दिसत नसे आणि त्याच्या हाकेला ओ देईल असे कोणी जवळपास नसे.

ज्या मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी ही घरे बांधली, त्यांनी अंगण असलेली स्वतंत्र घरे पसंत केली आणि इथले फ्लॅट रिकामे राहू लागले. १९७५ मध्ये दक्षिण अमेरिकेतील डच अंमलाखालचा सुरिनाम हा देश स्वतंत्र झाला, त्या सुमारास तिथून आलेल्या अनेक कुटुंबांनी यांतली घरे घेतली. पुढे वसाहतीच्या अवकळेचे खापर याच लोकांवर फोडले गेले. मला हा उघड अन्याय वाटतो, कारण इतरांनी नाकारलेल्या इमारतींत त्यांनीच संसार थाटले. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी एक मालवाहू विमान दोन इमारतींवर कोसळून ४३ जणांचा मृत्यू झाला. नूतनीकरणाचा विचार त्याआधीच सुरू झाला होता. त्यात बऱ्याच इमारती पाडून कमी उंचीची घरे बांधली गेली आणि उंचावरचे कित्येक रस्ते जमिनीच्या पातळीवर आणले गेले. हा दुसरा बदल मला पाडकामाहूनही महत्त्वाचा वाटतो.

आपण वाचले ती इमारत म्हणजे क्लाइबुर्ग. सुमारे ४०० मीटर लांब आणि ५०० घरांची ही इमारतही पाडली जाणार होती; अखेर एका गटाने ती अवघ्या १ युरोला घेतली. या गटाने सांगाडा, लिफ्ट, गॅलऱ्या अशा सामायिक भागांची दुरुस्ती केली, आतली घरे मात्र स्वयंपाकघर-न्हाणीघराशिवाय तशीच विकली. उरलेले काम ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करायचे होते. एनएल आर्किटेक्ट्स आणि एक्सव्हीडब्ल्यू या वास्तुरचनाकारांनी सामानाच्या कोठड्या वरच्या मजल्यांवर लिफ्टजवळ हलवल्या, तळमजला घरांसाठी व कामाच्या जागांसाठी मोकळा केला आणि इमारतीखालून आरपार जाणारे बोळ दुमजली उंचीचे केले. कठड्यांवरचा रंग खरवडून मूळ काँक्रीट उघडे केले. गॅलरीतले दिवे चाहूल लागताच उजळतात, त्यामुळे कोण कुठून चालले आहे ते दुरूनही कळते. २०१७ मध्ये या कामाला युरोपीय संघाचा वास्तुकलेसाठीचा मीस व्हॅन डर रोह पुरस्कार मिळाला.

तरीही एक गोष्ट मला खटकते. मुळात भाड्याने दिली जाणारी ही घरे विक्रीची झाली, आणि ज्याच्याजवळ घर विकत घेण्याइतके पैसे नाहीत त्याला या योजनेत जागा उरली नाही. म्हणून क्लाइबुर्गबरोबर फ्रान्समधील बोर्दो शहराच्या ग्राँ पार्क वसाहतीचाही विचार व्हावा. तिथल्या तीन जुन्या इमारतींतील ५३० घरांना बाहेरून सुमारे ३.८ मीटर खोलीचे काचबंद सज्जे जोडण्यात आले, काम सुरू असताना भाडेकरू आपापल्या घरातच राहिले, आणि २०१९ मध्ये तोच पुरस्कार त्या कामाला मिळाला.