सोलापुरात कॉलेजच्या फेस्टमध्ये रेट्रो गेम प्रोग्रामिंगची स्पर्धा घ्यायची आहे. नियम काय ठेवावेत? मशीन कोड आणि एम्युलेटर चालू द्यावेत का?

एम्युलेटर, म्हणजे पीसीवर जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्रॅम, चालू द्या. मशीन कोड, म्हणजे प्रोसेसरला थेट दिलेले बाइट, पहिल्या वर्षी नको. पण 'मशीन कोड' कशाला म्हणायचं हे नियमपत्रिकेत लिहिल्याशिवाय एकही फॉर्म वाटू नका.

तुमच्या प्रश्नात शेवटी आहे की तुमचे सर म्हणतात, "नियम चारच ठेवा, बाकी स्पर्धेच्या स्पिरिटवर सोडू." सोलापुरातच एका कॉलेजच्या फेस्टमध्ये याच वाक्यापायी एक उत्तम एन्ट्री बाद झाली. मी परीक्षकांत होतो आणि माझं मत एकटं पडलं. तो निर्णय चुकीचा होता असं मी आजही म्हणतो. का ते नीट सांगतो, कारण तुमचे निम्मे नियम त्यातूनच निघतात.

स्पर्धा अशी होती: झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के (ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक), त्याची भाषा सिंक्लेअर बेसिक, दहा ओळी, "मशीन कोड चालणार नाही". एवढंच लिहिलेलं. एका मुलीने विहिरीत उतरणाऱ्या गड्याचा गेम केला होता. गडी पडद्याच्या वरच्या भागात, दगड खालून वर येतात, 'ओ' आणि 'पी' दाबून डावी-उजवीकडे सरकत ते चुकवायचे. आता स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये पडदा वर सरकवायची स्वतंत्र आज्ञा नाही. दोन रस्ते आहेत. एक, सगळ्यात खालच्या म्हणजे २१ क्रमांकाच्या ओळीच्याही पुढे प्रिंट करत राहायचं, म्हणजे पडदा आपोआप वर जातो. पण मग मधेच "स्क्रोल?" असं विचारून मशीन थांबतं, ते टाळायला दर फेरीत पोक २३६९२, २५५ (मेमरीतल्या त्या पत्त्यावर तो आकडा लिही) द्यावं लागतं. दुसरा रस्ता, पडदा एक ओळ वर सरकवणारं रुटीन रॉममध्ये, म्हणजे मशीनच्या कायमच्या मेमरीत, ३५८२ या पत्त्यावर तयार आहे, ते यूएसआर ३५८२ ने (त्या पत्त्यावरचा कोड चालव) चालवायचं. तिने दुसरा घेतला.

आणि कसा घेतला ते बघा. बहुतेक जण सवयीने "रँडमाइझ यूएसआर ३५८२" लिहितात. रुटीन संपताना प्रोसेसरच्या बीसी रजिस्टरमध्ये जो आकडा उरतो, तो यूएसआरचं उत्तर म्हणून परत येतो, आणि रँडमाइझ तोच आकडा आरएनडीचं (स्वैर आकडे देणाऱ्या आज्ञेचं) बीज, म्हणजे सुरुवातीचा आकडा, म्हणून ठेवून देतं. या रुटीनमधून दर वेळी तोच आकडा परत येतो. म्हणजे प्रत्येक फेरीत बीज तेच, आरएनडीचा पुढचा आकडा तोच, आणि सगळे दगड एकाच उभ्या रांगेत. पोरं मग आरएनडीच्या सूत्रात चूक शोधत बसतात, सूत्र बरोबरच असतं. हिने "लेट झेड = यूएसआर ३५८२" लिहिलं होतं. उत्तर एका व्हेरिएबलमध्ये टाकलं, बीजाला हात लागला नाही. टक्कर ओळखायलाही तिने स्क्रीन-डॉलर (चौकटीत कोणतं अक्षर आहे ते सांगणारी आज्ञा) वापरलं नव्हतं, कारण दगड यूडीजी, म्हणजे स्वतः काढलेली अक्षराएवढी चित्रं, होते आणि स्क्रीन-डॉलरला यूडीजी ओळखता येत नाही, ते रिकामी स्ट्रिंग देतं. तिने अ‍ॅट्रिब्यूट तपासलं: त्या चौकटीच्या रंगाचा आकडा ५६ नसेल, म्हणजे पांढऱ्यावर काळा हा मूळ रंग नसेल, तर गडी दगडावर आपटला. दहा ओळींत हे सगळं बसवणाऱ्याला मशीन आतून कळलेलं असतं.

तिला बाद केलं, कारण लिस्टिंगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या लिहिलेल्या ओळींत, यूएसआर दिसलं. ज्येष्ठ परीक्षकांचं म्हणणं: यूएसआर म्हणजे मशीन कोड. नियमात तसं कुठे लिहिलंय, असं मी विचारलं तर उत्तर आलं, "स्पर्धेचं स्पिरिट तसं आहे."

हे मला तेव्हाही पटलं नाही. प्रिंट लिहिलं तरी शेवटी रॉममधलंच रुटीन चालतं. स्पर्धकाने स्वतः लिहिलेले बाइट चालवले का, आणि लिस्टिंग वाचणाऱ्याला सगळं दिसतं का, हे दोनच प्रश्न महत्त्वाचे. यूएसआर ३५८२ या दोन्हीत स्वच्छ आहे. त्यातून, यूएसआर शब्दावरच बंदी घातली तर "यूएसआर ए" हेही जातं, आणि यूडीजी काढायला तर पोक यूएसआर "ए" हीच नेहमीची पद्धत आहे. अवतरणातलं अक्षर दिलं की यूएसआर काहीही चालवत नाही, फक्त त्या अक्षराच्या चित्राचा पत्ता सांगतं. तो अर्थ लावला असता तर त्या दिवशी यूडीजी वापरलेली प्रत्येक एन्ट्री बाद करावी लागली असती. केली नाही.

खरी पळवाट वेगळी असते, ती ओळखायला शिका. पहिली ओळ रेम (मशीन न चालवता सोडून देतं ती टीप), तिच्यात स्वतःचं मशीन कोड भरलेलं, आणि पुढे यूएसआर २३७६०. बेसिक प्रोग्रॅम २३७५५ ला सुरू होतो, ओळीचा क्रमांक आणि लांबी यांचे चार बाइट, रेमचा एक, म्हणून २३७६०. लिस्ट केलं की ती ओळ कचऱ्यासारखी दिसते, आणि त्यात १४ हा बाइट आला तर पुढचे पाच बाइट दिसतच नाहीत, कारण मशीनला वाटतं तिथे एक लपवलेली संख्या आहे. वर एम्युलेटरमध्ये इंटरफेस वन (स्पेक्ट्रमचं एक जोडउपकरण) चालू असेल तर प्रोग्रॅमची सुरुवात पुढे सरकते, २३७६० ला भलतंच काहीतरी असतं आणि मशीन रीसेट होतं. मग "आमच्याकडे चालत होतं" हा वाद. दहा ओळींच्या नावाखाली असली एन्ट्री येऊ देऊ नका.

तेव्हा नियम असा लिहा: स्पर्धकाने डेटा-पोक, रेम किंवा स्ट्रिंगमधून मेमरीत भरलेले बाइट यूएसआरने चालवायचे नाहीत, यूएसआरला दिलेला आकडा १६३८४ पेक्षा कमी, म्हणजे रॉममधलाच हवा. तपासणाऱ्याला लिस्टिंगवरून बोट फिरवत एका मिनिटात निकाल देता येतो. परदेशात दर वर्षी होणाऱ्या बेसिकच्या दहा ओळींच्या स्पर्धेतही हाच विचार आहे: पीक-पोक (मेमरी वाचणं-लिहिणं) चालतात, मशीन कोडची रुटीन चालत नाहीत, आणि सगळा कोड लिस्टिंगमध्ये दिसायलाच हवा.

त्याच स्पर्धेकडून दुसरी गोष्ट उचला. तिथे ओळीच्या लांबीवरून गट पाडतात: ८०, १२० आणि २५६ अक्षरं. स्पेक्ट्रमसाठी हे फार महत्त्वाचं, कारण कमोडोर ६४ या त्याच काळातल्या दुसऱ्या संगणकावर एक ओळ ८० अक्षरांत संपते, पण स्पेक्ट्रमच्या एका ओळीत कोलन टाकत टाकत अख्खा प्रोग्रॅम मावतो. नुसतं "दहा ओळी" म्हणालात तर काहीच म्हणाला नाहीत. अक्षरं मोजायची ती लिहिलेल्या टेक्स्ट फाइलमधली. स्पेक्ट्रमच्या आत प्रिंट हा एकच बाइट असतो आणि लिहिताना पाच अक्षरं होतात, त्यामुळे मोजायची रीत आधी सांगितली नाही तर निकालाच्या दिवशी भांडण ठरलेलं.

ओळींऐवजी आकारावर मर्यादा घालायची असेल, समजा १ केबी, तर ते मोजणं त्याहून सोपं. प्रोग्रॅम लोड करून थेट द्या: प्रिंट पीक २३६२७ + २५६ * पीक २३६२८ − पीक २३६३५ − २५६ * पीक २३६३६. येणारा आकडा म्हणजे प्रोग्रॅमचे बाइट. इथे मुलांना एक गोष्ट आधी शिकवा. सिंक्लेअर बेसिकमध्ये प्रत्येक संख्येमागे सहा लपलेले बाइट जातात, म्हणून साधा १ सात बाइट खातो. त्याऐवजी एसजीएन पाय (पायचं चिन्ह, म्हणजे १) लिहिलं की दोन बाइट, शून्यासाठी नॉट पाय, तीनसाठी इंट पाय. १० हे आठ बाइट, व्हॅल "१०" (मजकुराची संख्या करणारी आज्ञा) हे पाच. मात्र व्हॅल हळू चालतं, म्हणून ते मुख्य फेरीत नको, सुरुवातीच्या मांडणीतच वापरायचं.

एम्युलेटरबद्दल. तुमच्या सरांचा "मूळ मशीनवरच दाखवा" हा आग्रह सोडायला लावा. सोलापुरात चालू स्पेक्ट्रम कुणाकडे आहे? असला तरी त्याचा अडॅप्टर ९ व्होल्टचा आणि मधली पिन ऋण, आपल्याकडे मिळणारे बहुतेक याच्या उलटे. चुकीचा लावला की मशीन जाण्याची भीती. शिवाय त्याचं चित्र अँटेनाच्या वायरने यूएचएफवर निघतं, आताच्या टीव्हीवर ते जुळवण्यात सकाळ जाते. हा नियम ठेवला तर स्पर्धा पुण्या-मुंबईच्या दोन संग्राहकांपुरती उरेल. त्याऐवजी फ्यूज हा एम्युलेटर घ्या आणि नियमपत्रिकेत लिहा: मॉडेल ४८के, वेग १०० टक्के, इंटरफेस वन बंद. मॉडेल लिहिणं सोडू नका. ४८के वर यूडीजी २१ असतात, 'ए' ते 'यू'. १२८के वर शेवटची दोन दुसऱ्या आज्ञांना दिलेली आहेत, म्हणून तिथे १९ च. एकाचं चित्र दुसऱ्याच्या मशीनवर "प्ले" हा शब्द होऊन उमटतं.

४८के वर 'पी' दाबलं की अख्खं प्रिंट उमटतं. हे नव्या मुलांना झेपत नाही, म्हणून त्यांना साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहू द्या आणि झेडमेकबेस या प्रोग्रॅमने त्याची टॅप फाइल (एम्युलेटरमध्ये लोड होणारी) करून घ्या. यूडीजीसाठी मात्र कागदच बरा. जेकार्डच्या नक्षीला आपल्याकडे जसा चौकटीचा कागद वापरतात, तसाच घ्या: आठ बाय आठ, भरलेली चौकट १, रिकामी ०, आणि ओळ तशीच 'बिन' (बायनरी आकडा) या शब्दापुढे लिहायची.

दोन वेगळ्या मशीनच्या एन्ट्री एकत्र ठेवू नका. तुलना खरी ठरली की मशीन कोणता आकडा देतं, इथूनच फरक सुरू होतो: सिंक्लेअरमध्ये खरं म्हणजे १, कमोडोरमध्ये −१. एक्स + (बटण = "पी") − (बटण = "ओ") ही ओळ कमोडोरवर नेली की गडी उलट्या दिशेला पळतो. कमोडोरवर इफ खोटं ठरलं की ओळीचा उरलेला भागही वगळला जातो, आणि स्पेक्ट्रमवरही तसंच, त्यामुळे दहा ओळींत इफ फार महाग. म्हणून इफऐवजी वरच्या ओळीतला हा कंसाचा प्रकार सगळ्यांना आधीच शिकवा.

बक्षीस रोख नको. रोख आली की पळवाटा शोधणारे येतात. १९९६ पासून स्पेक्ट्रमवाल्यांची मुद्दाम भिकार गेम लिहिण्याची एक स्पर्धा चालते, तिथे जिंकणाऱ्याच्या गळ्यात पुढच्या वर्षीचं आयोजन पडतं. तेच करा. सगळ्या एन्ट्रींचा कोड निकालाच्या दिवशी सगळ्यांना द्या, नाहीतर दहा ओळींची अट घालून उपयोग काय? मत स्पर्धकांनाही द्या. लुडम डेअर या ऑनलाइन गेम बनवण्याच्या स्पर्धेत गुण स्पर्धकच एकमेकांना देतात आणि ते वर्षानुवर्षं चाललंय.

चॅटबॉटकडून लिहून आणलेलं ओळखायचा उपाय: समोर बसवून सांगा, "दगडांचा वेग दुप्पट कर" किंवा "जीव तीन कर". स्वतः लिहिलेल्याला पाच मिनिटं लागतात.

कुणी नियमात न बसवलेली वाट शोधलीच तर त्या वर्षी ती मान्य करा, गुण द्या, आणि पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत बंद करा. एन्ट्री आल्यानंतर केलेला नियम त्या एन्ट्रीला लावायचा नाही, मग परीक्षक कितीही ज्येष्ठ असोत.

हे सगळं बेसिक आणि स्पेक्ट्रम धरून सांगितलं. असेम्ब्लीचा, म्हणजे थेट मशीन कोड लिहिण्याचा, गट काढलात तर यूएसआरचा प्रश्नच उरत नाही, तिथे फक्त फाइलचे बाइट मोजा. आणि तारीख गड्ड्याच्या यात्रेला चिकटून ठेवू नका, जानेवारीचा तो आठवडा मुलं हाती लागत नाहीत. फेब्रुवारीचा पहिला शनिवार बघा, कोड मात्र आदल्या बुधवारीच जमा करून घ्या, म्हणजे प्रत्येक टॅप फाइल स्पर्धेच्याच पीसीवर चालवून बघायला वेळ मिळतो.