पुढच्या डिस्क बदलताय? आधी हब घासा
भाऊ, पिकअपच्या पुढच्या ब्रेक डिस्क घरीच बदलायच्या म्हणताय, तर खुशाल बदला. फक्त दोन्ही बाजूंच्या एकदमच, आणि पॅडही नवे. गाडी नुसत्या जॅकच्या भरवशावर नको. स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड.

कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सुटला की तारेने वर टांगा, होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळू देऊ नका. खरं काम पुढेच आहे. डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, जिथे टेकते तिथला गंज वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत काढा. गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्क किंचित तिरकी बसते. मग काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं आणि लोक शिव्या घालतात डिस्कला! नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. पॅडने ते प्यायलं की पॅड बाद.

कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलच्या डबीकडे बघा, सांडलं तर बॉडीचा रंग गेलाच. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा; हे विसरून थेट गिअर टाकणारे महाभाग आहेत. नंतर नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा बेताने ब्रेक मारा, मध्ये डिस्क थंड होऊ द्या.