घरी केलेला प्रीॲम्प (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा बोर्ड), एको बोर्ड, ब्लूटूथ मॉड्यूल आणि ४४४० आयसीचा ॲम्प्लिफायर एकाच १२ व्होल्टच्या सप्लायवर चालतील का? किती अँपिअरचा घ्यावा?

चालतील. पण अँपिअर नंतर विचारा, आधी मायनसच्या वायरी कुठून कुठे नेणार आहात ते सांगा. सगळे प्लसची काळजी करतात आणि मायनस जिथे जवळ पडेल तिथे टाकून मोकळे होतात. निम्मी दुखणी तिथूनच येतात.

आमच्या दाजींचं आणि माझं याच्यावरूनच वाजलेलं आहे, म्हणून जरा लांबण लावतोय. दाजी आयटीआय केलेले वायरमन. हात उत्तम, त्यांचा सोल्डर असा चकचकीत बसतो की बघत राहावं. गावच्या भजनी मंडळाची सिस्टीम त्यांनीच बांधली. दोन माइकचा ४५५८ आयसीवाला प्रीॲम्प, पीटी२३९९ आयसीचा एको, फोनवरचा तानपुरा लावायला ब्लूटूथ आणि शेवटी ४४४० चा डबल आयसी बोर्ड. सगळं एका पत्र्याच्या डब्यात, आणि सगळ्यांना मिळून एलईडी पट्ट्यांना वापरतात तो जाळीचा १२ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय, म्हणजे एसएमपीएस. त्यांचं म्हणणं, "टाकी मोठी असली की सगळ्या नळांना पाणी पुरतं." मी तेव्हाच म्हणालो, दाजी, टाकीचं राहू द्या, मोरीचं बघा. सगळ्यांचं पाणी एकाच मोरीतून जायचंय. यावर "पुण्यात राहून आम्हाला शिकवू नको" एवढंच उत्तर मिळालं.

कार्तिकी एकादशीला देवळात हरिपाठ. तानपुरा सुरू केला तर त्याच्यामागे बारीक चिर्रर्र. ते टाळांच्या आवाजात खपून गेलं असतं. पण आवाज वाढवला आणि पखवाजावर पहिली जोरकस थाप पडली, तसा स्पीकर भक्‌भक्‌भक् करायला लागला आणि थांबेचना. म्हातारी मंडळी टाळ हातात धरून आमच्याकडे बघताहेत. दाजी म्हणाले, देवळाच्या लाइनला अर्थिंग नाही. दरवेळी अर्थिंग!

डबा उघडला. एसएमपीएसचा मायनस आधी एकोला, एकोवरून प्रीॲम्पला, तिथून ब्लूटूथला आणि सगळ्यात शेवटी ॲम्प्लिफायरला. एकच केसासारखी वायर उड्या मारत गेलेली. म्हणजे ॲम्प्लिफायरचा सगळा करंट परत येताना प्रीॲम्पच्या ग्राउंडवरून (बोर्ड ज्याला शून्य व्होल्ट धरतो ती बाजू) येणार. आता हिशेब करा. त्या वायरीचा रेझिस्टन्स ०.०५ ओहम धरा आणि थापेला २ अँपिअर धरा, ग्राउंडच १०० मिलिव्होल्टने हलतं. माइकचा सिग्नल असतो जेमतेम काही मिलिव्होल्ट. प्रीॲम्पला वाटतं हे पण गाणंच आहे, तो ते वाढवून पुढे पाठवतो, ॲम्प्लिफायर आणखी करंट ओढतो, ग्राउंड आणखी हलतं. झाला चक्रव्यूह.

मांडववाल्याकडून घरगुती वायरिंगच्या दीड एमएम वायरचा तुकडा घेतला आणि ॲम्प्लिफायरचा मायनस थेट एसएमपीएसच्या स्क्रूवर नेला. बाकीच्या प्रत्येक बोर्डाची मायनस वायर त्याच स्क्रूवर, पण वेगवेगळी. प्रीॲम्प ते ॲम्प्लिफायर जी शील्ड वायर होती तिची जाळी एका टोकाला सोडवली. भक्‌भक् जागच्या जागी बंद. चिर्रर्र तशीच राहिली, म्हणून ब्लूटूथ बंद केलं, पेटीवाल्या काकांनी सूर धरून ठेवला आणि हरिपाठ पार पडला.

ब्लूटूथचं दुखणं वेगळं असतं. ते स्वतःच्या डिजिटल कामासाठी झटक्याझटक्याने करंट ओढतं आणि ती घाण ग्राउंडमधून ऑडिओत शिरते. मोठा कंडेन्सर लावून ती जात नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बी०५०५एस हा छोटा आयसोलेटेड कन्व्हर्टर (दोन्ही बाजूंचे मायनस वेगळे ठेवणारा) आणला आणि त्याच्यावर फक्त ब्लूटूथ टाकलं. तो १ वॉटचा असतो, म्हणजे ५ व्होल्टला २०० मिलिअँपिअर, तेवढे ब्लूटूथला भरपूर झाले. आधी १२ चे ५ करून मग तो लावायचा, थेट १२ नाही.

आता दाजी प्रत्येक लग्नकार्यात सांगतात, "शेवटी सप्लाय एकच राहिला ना? मग मी म्हणत होतो तेच खरं." सप्लाय एकच राहिला हे खरंय. पण "एक सप्लाय चालतो" आणि "एक वायर चालते" यातला फरक त्यांना मान्य करायचा नाहीये.

तुमचा अँपिअरचा प्रश्न: एका ४४४० ला ३ धरा, दोन असतील तर ५. बाकी सगळे बोर्ड मिळून अर्ध्या अँपिअरच्या आत. १० घेतल्याने आवाज सुधारत नाही. त्यापेक्षा प्रीॲम्पच्या प्लसमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यापुढे, प्रीॲम्पच्या बाजूला, मायनसला ४७० मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर लावा, स्वस्तात काम होतं. एसएमपीएसऐवजी ट्रान्सफॉर्मर असेल तर सगळे मायनस मेन फिल्टर कंडेन्सरच्या पायावर एकत्र आणा, डायोडच्या ब्रिजवर नाही.

एक राहिलंच. ४४४० ब्रिजमध्ये (दोन्ही चॅनेल मिळून एकच स्पीकर) जोडलेला असेल तर स्पीकरची कुठलीही वायर ग्राउंडला लावू नका. आणि घूं आवाज जातो म्हणून थ्री पिनची अर्थ पिन काढणारे महाभाग असतात, त्यांचं ऐकू नका, पत्र्याच्या डब्यात तर अजिबात नाही.

आणि हे सगळं तुमच्या प्रत्येक बोर्डाचं ग्राउंड म्हणजे सप्लायचा मायनसच असेल तरच. काही प्रीॲम्पमध्ये दोन रेझिस्टर लावून सप्लायच्या अर्ध्यावर खोटं ग्राउंड केलेलं असतं आणि जॅकची बाहेरची बाजू त्याला जोडलेली असते. असा बोर्ड आणि ॲम्प्लिफायर एकाच सप्लायवर घेऊन मध्ये ऑडिओ वायर लावली की ते ६ व्होल्ट सरळ मायनसला शॉर्ट. आधी तो बोर्ड एकटा बॅटरीवर चालवून सप्लायचा मायनस आणि जॅकची बाहेरची बाजू यांच्यात मीटर लावा. शून्य दिसलं तर जोडा. सप्लायच्या निम्मे व्होल्ट दिसले तर त्याला वेगळा अडॅप्टर द्या.